प्रतलीय पेशी-ध्रुवता

ऊतकाच्या पृष्ठभागाशी समांतर अशा एकाच दिशेला शेजारच्या पेशींनी आपली रचना जुळवून घेणे म्हणजे प्रतलीय पेशी-ध्रुवता. संशोधक तिला पीसीपी (प्लेनर सेल पोलॅरिटी) म्हणतात. पेशीची वरची-खालची बाजू ठरवणारी ध्रुवता वेगळी; ही तिला काटकोनात असते.

तिचा सर्वांत सखोल अभ्यास फळमाशीच्या पंखावर झाला. पंखाच्या पात्यातील बहुतेक पेशींना प्रत्येकी एकच केस उगवतो, आणि तो पंखाच्या टोकाकडे झुकतो. २५° से. तापमानात कोश बनल्यापासून सुमारे ३२ तासांनी केस फुटू लागतात. पण दिशा त्याआधीच ठरलेली असते. फ्रिझल्ड, डिशेव्हल्ड व डिएगो ही प्रथिने टोकाकडच्या कडेला गोळा होतात, व्हॅन गॉग व प्रिकल बुंध्याकडच्या. फ्लेमिंगो दोन्ही कडांना असते आणि शेजारच्या पेशीतील फ्लेमिंगोशी जोडले जाते. या जोडाच्या एका बाजूला फ्रिझल्ड, तर पलीकडे व्हॅन गॉग स्थिरावते. एकाच पेशीत मात्र हे दोन गट एकमेकांना हुसकावतात, त्यामुळे सुरुवातीचा किरकोळ फरकही वाढत जातो.

पेशी शेजारणीकडे पाहून दिशा ठरवते, याचा भक्कम पुरावा मिश्र ऊतकात मिळतो. फ्रिझल्ड नसलेल्या पेशींचा डाग तयार केला, की त्याच्या टोकाकडील निरोगी पेशींचे केसही उलटून डागाकडे वळतात. व्हॅन गॉग नसेल तर बुंध्याकडील शेजारणींचे केस डागापासून दूर फिरतात. फ्रिझल्ड सर्वत्र जादा झाले तरी दिशा बिघडते, कारण महत्त्व प्रमाणाला नसून दोन कडांमधल्या फरकाला आहे.

बिघाड कुठला हे ओळखण्यासाठी प्रौढ पंखावर विसंबू नये. कोशातल्या पंखात केस नेमका कुठे फुटतो ते पाहावे. फ्रिझल्ड किंवा डिशेव्हल्ड नसेल तर तो पेशीच्या मध्यावर फुटतो. इनटर्न्ड किंवा फझी ही प्रथिने नसतील तर भलत्याच कडेला, आणि अनेकदा एकाहून जास्त केस येतात.

पूर्ण पंखाची दिशा कोण ठरवते? फॅट या प्रथिनाशी मिळून काम करणाऱ्या डॅकसस व फोर-जॉइंटेड या प्रथिनांच्या प्रमाणातील, पंखातल्या जागेनुसार होणारा चढउतार हा एक घटक. दुसरा यांत्रिक: कोशावस्थेत पंखाचा सांधा आकुंचन पावतो, पाते ताणले जाते आणि पेशींच्या या सरकण्याबरोबर ध्रुवताही टोकाच्या दिशेला वळते, हे २०१० मध्ये दाखवले गेले. हे दोन्ही घटक फ्लेमिंगोच्या जोडांशी कसे सांधले जातात, यावर अद्याप एकमत नाही.

हीच प्रथिने पृष्ठवंशीयांतही काम करतात. उंदरात व्हँगल-२ या, व्हॅन गॉगशी जुळणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर चेतानलिका (भ्रूणातील जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात ती नळी) मध्यमेंदूपासून खाली जवळजवळ पूर्ण लांबीभर उघडी राहते, आणि अंतर्कर्णातील रोमपेशींची मांडणीही विस्कटते.