कन्व्हेअर बेल्टची निवड आणि आगीच्या चाचणीचा वाद: पार्श्वभूमी

कन्व्हेअर बेल्ट निवडताना आज ठरावीक प्रश्न विचारले जातात. माल सुटा आहे की खोक्यांत? सर्वांत मोठा तुकडा केवढा? तापमान किती, तेलाचा संपर्क आहे का, चढ किती अंशांचा, ताशी किती टन? यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या पट्ट्याच्या नासाडीतून आला आहे. ज्या प्रश्नाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली, तो मात्र बहुधा तळाला असतो आणि 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपतो: पट्टा अग्निरोधक हवा का?

१८६० च्या दशकात लिव्हरपूलच्या धान्यगोदामांत सपाट पट्टे वापरात होते. धान्य हलके असते, ते पट्ट्याला फारसे ओरबाडत नाही, त्यामुळे तिथे काम भागत होते. खनिज वाहताना मात्र पट्ट्याच्या कापडाची चाळण झाली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतील लोहखनिजाच्या एका प्रकल्पात दिसून आले की झिजते ते कापड. रबर त्याहून पुष्कळ जास्त टिकते. तेव्हापासून कामाची वाटणी झाली. ताण सोसायचा आतल्या थरांनी, घर्षण सोसायचे वरच्या रबराने. ही वाटणी आजही बदललेली नाही, आणि पट्ट्याची निवड म्हणजे खरे तर एकाच वेळी केलेल्या या दोन निवडी असतात.

आतल्या थरांचा इतिहास तसा सरळ आहे. सुती थरांची ताकद मर्यादित, म्हणून लांबचा मार्ग अनेक पट्ट्यांत तोडावा लागे. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुमारे सात किलोमीटर कोळसा वाहणारी भूमिगत व्यवस्था अशीच पट्ट्यांची माळ होती. नंतर रेयॉन आले, मग नायलॉन, मग पॉलिएस्टर. 'ईपी ४००/३' असे लिहिलेले असते तेव्हा लांबीच्या दिशेने पॉलिएस्टर, रुंदीच्या दिशेने नायलॉन, एकूण तीन थर, आणि रुंदीच्या दर मिलिमीटरला ४०० न्यूटन ताकद असा अर्थ होतो. पोलादी तारांच्या पट्ट्यांनी ही मर्यादा आणखी पुढे ढकलली. पश्चिम सहारातील बू क्रा येथून समुद्रापर्यंत फॉस्फेट नेणारी सुमारे ९८ किलोमीटरची व्यवस्था सुती थरांवर उभीच राहिली नसती.

वरच्या आवरणाबाबत एक गैरसमज अजून टिकून आहे. जर्मन प्रतवारीत 'एक्स' प्रतीच्या रबराची ताणशक्ती किमान २५ मेगापास्कल मागतात, 'डब्ल्यू' प्रतीची फक्त १८. त्यावरून 'एक्स' सरस असे वाटते. पण घासण्याच्या चाचणीत 'डब्ल्यू'चे जास्तीत जास्त ९० घनमिलिमीटर रबर गेलेले चालते, 'एक्स'चे १२०. इथे आकडा कमी तेवढा चांगला. बारीक आणि तीक्ष्ण कणांचा माल असेल तर 'डब्ल्यू', मोठे दगड उंचावरून आदळत असतील तर 'एक्स'. केवळ ताणशक्तीचा आकडा पाहून केलेली निवड कित्येकदा इथेच फसते.

आता आगीचा विषय. २६ सप्टेंबर १९५० च्या पहाटे इंग्लंडमधील डर्बीशायरच्या क्रेसवेल कोळसाखाणीत, एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर कोळसा पडतो त्या जागी, फाटलेल्या पट्ट्याचे तुकडे शूटमध्ये, म्हणजे कोळसा खाली सोडणाऱ्या उतरत्या पन्हळीत, साचले. चालता पट्टा त्यांवर घासत राहिला आणि रबर पेटले. धूर हवेच्या प्रवाहाबरोबर खाणीत पसरला. ८० कामगार गेले, त्यांतले बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची गरजच नव्हती.

यानंतर ब्रिटनमध्ये जे घडले ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल म्हणावे लागेल. रबराऐवजी सलग विणलेल्या गाभ्यात पीव्हीसी हे प्लास्टिक मुरवलेले पट्टे आले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आगीचा प्रश्न फोडून त्याचे वेगवेगळे भाग केले गेले. पट्टा अडकला आणि त्याला ओढणारा ड्रम त्याखाली फिरत राहिला, तर पट्टा पेटतो का? यासाठी फिरत्या ड्रमवर ताणलेल्या तुकड्याची घर्षण चाचणी. आग बाहेरून लागली तर ती पट्ट्यावरून पुढे सरकते का? यासाठी मोठ्या बोगद्यातली चाचणी. पट्ट्यावर स्थिर वीज साचून ठिणगी पडेल का? यासाठी पृष्ठभागाच्या विद्युतरोधाची मर्यादा. ३०० मेगाओहमचा हा आकडा आज बहुतेक ठिकाणी प्रमाण मानला जातो. एका परीक्षेत पास झालेला पट्टा दुसऱ्या परीक्षेत साफ नापास होऊ शकतो, हे यामागचे तत्त्व.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला आणि वाद तिथेच आहे. तिथल्या कोळसाखाणींसाठी अनेक दशके एकच छोटी ज्योत-चाचणी पुरेशी मानली गेली. सहा इंच लांब आणि अर्धा इंच रुंद असे चार तुकडे घ्यायचे, प्रत्येकाला एक मिनिट ज्योत लावायची, ज्योत काढल्यावर सरासरी एका मिनिटाच्या आत आग विझली आणि धग तीन मिनिटांहून जास्त राहिली नाही की पट्टा उत्तीर्ण. आता मीटरभर रुंदीचा, शेकडो मीटर लांबीचा, कोळशाची भुकटी आणि ग्रीस माखलेला पट्टा डोळ्यांसमोर आणा. वारा एका दिशेने वाहतो आहे. खाली सांडलेली भुकटी आधी पेटते, तिच्या उष्णतेने पट्टा तापतो, पट्ट्याची उष्णता पुढच्या भागाला तापवते. बोटभर तुकड्याला यातले काहीच अनुभवावे लागत नाही. तो स्वतःच्या उष्णतेवर जळत राहू शकत नाही, म्हणून विझतो. मोठ्या बोगद्यात केलेल्या प्रयोगांत छोट्या चाचणीत उत्तीर्ण झालेले पट्टे टोकापर्यंत जळताना दिसले होते.

म्हणून १९९२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नियामकाने अधिक कठोर चाचणीचा प्रस्ताव मांडला. दीड मीटर लांब आणि सुमारे २३ सेंटिमीटर रुंद तुकडा, वाऱ्याच्या झोतात, पाच मिनिटे ज्योतीखाली; शेवटी त्याच्या पूर्ण रुंदीचा काही भाग तरी शाबूत राहिला पाहिजे. प्रस्ताव जवळजवळ दहा वर्षे पडून राहिला आणि २००२ मध्ये मागे घेतला गेला. पट्ट्यांच्या आगी कमी झाल्या आहेत आणि कार्बन मोनॉक्साइड टिपणारी उपकरणे सुधारली आहेत, असे कारण दिले गेले. दोन्ही गोष्टींत तथ्य होते हे मान्य करायला हवे. पट्टे बदलण्याचा खर्चही लहान नव्हता. पण उपकरण आगीची बातमी देते, आग अडवत नाही. ज्या पट्ट्यावर आग पुढे सरकते, तो बातमी मिळाल्यावरही सरकूच देतो. शिवाय २००४ मध्ये, पट्ट्याच्या बोगद्यातून येणारी हवा कामाच्या जागेपर्यंत नेण्याची मुभा वाढवली गेली. पट्ट्याची चाचणी सैल आणि धुराचा रस्ता मोकळा, असे हे दोन निर्णय एकमेकांशेजारी येऊन बसले.

१९ जानेवारी २००६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील एका खाणीत मार्गावरून सरकलेल्या पट्ट्याच्या घर्षणाने आग लागली. दोन कामगार धुरात वाट चुकून मरण पावले. तिथे धूर अडवणाऱ्या भिंतींच्या, आग विझवायच्या पाण्याच्या, देखभालीच्या चुकाही होत्या, आणि सगळा दोष पट्ट्यावर ढकलणे बरोबर नाही. तरी याच आगीने जुना प्रस्ताव कपाटातून बाहेर आला. तज्ज्ञांच्या समितीने २००७ च्या अखेरीस शिफारस केली, ३१ डिसेंबर २००८ रोजी नियम झाला. नव्याने बसवायच्या पट्ट्यांना वर्षभरानंतर तो लागू झाला आणि जुने पट्टे काढायला २०१८ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. प्रस्तावापासून शेवटचा जुना पट्टा निघेपर्यंत २६ वर्षे.

खाणीबाहेर हा वाद अजून पोहोचलेला नाही. कारखान्यांसाठी 'अग्निरोधक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांमागे बहुधा छोट्या ज्योतीची आंतरराष्ट्रीय चाचणीच असते. सहा तुकड्यांच्या ज्योतीचा एकत्रित वेळ ४५ सेकंदांच्या आत, आणि एकाही तुकड्याचा १५ सेकंदांहून जास्त नाही. उघड्यावर, माणसांपासून दूर चालणाऱ्या पट्ट्याला ती पुरेशी आहे. बंद बोगद्यातून, कोठाराच्या पोटातून किंवा उंच बंदिस्त पुलावरून जाणाऱ्या पट्ट्याला ती पुरेशी समजणे धोक्याचे. उलट सगळीकडे अग्निरोधाचा सर्वांत कडक वर्ग मागणेही चूक. आग रोखणारी रसायने घातली की रबराची घर्षण सोसण्याची ताकद सहसा उतरते, आणि पीव्हीसीचा पट्टा ओल्या ड्रमवर घसरतो, थंडीत ताठरतो. उघड्या दगडखाणीत असा पट्टा घातला तर तो आगीआधी झिजेनेच संपेल.

खोकी, पिशव्या आणि खाद्यपदार्थ वाहणाऱ्या पट्ट्यांची वाट फार पूर्वीच वेगळी झाली. सुटा माल सांडू नये म्हणून पट्ट्याला खोलगट आकार देणारे रोलर तिथे नाहीत. पट्टा सपाट पत्र्यावरून सरकतो, म्हणून खालची बाजू मुद्दाम उघड्या कापडाची ठेवतात. वरचा पृष्ठभाग मालाला बाजूला ढकलायचे असेल तर गुळगुळीत, चढावर न्यायचे असेल तर खरबरीत. भट्टीसाठी स्वीडनमध्ये १९०१ पासून बनू लागलेला पोलादी पट्टा कामी आला. १९७० च्या सुमारास लुइझियानात कोळंबी प्रक्रियेच्या धंद्यातून प्लास्टिकच्या दुव्यांचा पट्टा पुढे आला. तुटलेला दुवा बदलला की काम सुरू, कापडाचे धागे सुटून अन्नात जाण्याची भीती नाही, आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून धुता येतो.

गेल्या वीसेक वर्षांत प्रचंड गोदामांमुळे आगीचा प्रश्न या शाखेतही आला आहे. गोदामाचे भाग आगरोधक भिंतींनी वेगळे करतात, आणि पट्टा नेमका त्या भिंतीला भोक पाडून जातो. तिथे आपोआप बंद होणारे दार बसवावे लागते. सलग पट्टा असेल तर दार त्याच्यावरच अडते. मग पट्टा कापला जाईल किंवा जागेवरून निघेल अशी यंत्रणा जोडावी लागते, आणि तिची परीक्षा वेगळी. त्याऐवजी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे पट्टे ठेवून मध्ये दाराएवढी फट सोडतात. फट किती ठेवायची हे सर्वांत लहान खोक्याच्या लांबीवर ठरते, कारण ते मध्ये पडता कामा नये, आणि दाराखाली खोके अडकले तर दार बंद होत नाही. म्हणून भिंतीजवळ खोके थांबले आहे का हे पाहणारा सेन्सर आणि वीज गेल्यावरही ते पुढे सरकवणारी सोय, या दोन्ही गोष्टी आता पट्ट्याच्या मागणीपत्रातच लिहाव्या लागतात.