पार्श्वभूमी : गणेश देवी, समीक्षेकडून भाषांच्या मोजदादीकडे

‘भारतीय साहित्य’ म्हणताना कोणत्या भाषा गृहीत धरायच्या? समीक्षक आणि भाषा-अभ्यासक गणेश देवी यांच्या साऱ्या कामामागे हा प्रश्न आहे. १९५०मध्ये भोरला जन्मलेले देवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

१९९२मध्ये त्यांचे ‘आफ्टर अॅम्नेशिया’ (विस्मृतीनंतर) हे समीक्षेवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला मुद्दा आजही जिव्हारी लागतो. वसाहतकाळात आपली स्मृती गेली, असे देवी म्हणतात. आपले समीक्षक एक तर पाश्चात्त्य सिद्धांतांकडे धावतात, नाही तर थेट संस्कृत काव्यशास्त्राकडे. मधली कित्येक शतके देशी भाषांनी जे घडवले, ते कोणाच्या हिशेबातच नसते. पुढे भारतीय समीक्षेचे संकलन करताना त्यांनी भरत, आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकारांच्या पंक्तीत ज्ञानेश्वरांनाही बसवले. ज्ञानेश्वरी पारायणात जपणाऱ्या आपण मराठी माणसांनी समीक्षक ज्ञानेश्वर किती वाचले?

पण देशी भाषा म्हणजे तरी कोणत्या? १९६१च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नोंद होती. १९७१मध्ये दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा यादीतून गळल्या आणि नावे उरली जेमतेम शंभरावर. त्या भाषा बोलणारी माणसे मात्र होती तिथेच होती. त्यांत आदिवासी आणि भटके मोठ्या संख्येने. माझ्या मते देवींच्या वाटचालीतले खरे वळण इथे आहे. यादीत नाव नसलेल्या भाषेतले साहित्य अभ्यासक्रमात येणार कुठून?

१९९६मध्ये त्यांनी बडोद्यात ‘भाषा’ संशोधन केंद्र सुरू केले; पुढे गुजरातमधल्याच तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. १९९८मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमुक्त जमातीतल्या बुधन सबर यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर बंगाली लेखिका महाश्वेता देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह ते विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी उभे राहिले. १८७१च्या ब्रिटिश गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्या भाषेचा विचार त्यांच्यावरच्या अन्यायापासून वेगळा काढता येत नाही.

२०१०मध्ये देवींच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण सुरू झाले. ब्रिटिश काळातले ग्रिअर्सनचे भाषा-सर्वेक्षण सरकारी यंत्रणेवर उभे होते. इथे शिक्षक, लेखक, कार्यकर्ते आणि खुद्द भाषकच लिहिते झाले. त्यात ७८० भाषांची नोंद झाली. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड मराठीत उपलब्ध आहे. तो प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात असायलाच हवा.