मुंबईच्या वाफ्यातलं हायड्रेंजिया

नर्सरीतून गुच्छांनी लगडलेलं हायड्रेंजियाचं रोप आणलं की मुंबईत ते जगतं, पानंही जोमाने धरतं, पण पुढच्या वर्षी बहुतेकदा फुलत नाही. मग खतांचा मारा सुरू होतो. अडचण मात्र रात्रीच्या तापमानाची असते. मोठ्या पानांची ही जात मूळची जपानची. फांदीच्या टोकाशी कळी धरायला तिला साधारण सहा ते आठ आठवडे 18 अंश सेल्सिअसच्या आतला गारवा लागतो. महाबळेश्वर-पाचगणीला तो सहज मिळतो; मुंबईत डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्रीच तेवढ्या थंड असतात आणि दुपारी पारा पुन्हा तिशी गाठतो.

त्यामुळे इथे थोड्या गुच्छांवर समाधान मानावं लागतं, आणि तेही छाटणी वेळेवर केली तरच. फुलं ओसरली की लगेच, एप्रिलपर्यंत छाटा. ऑक्टोबरनंतर कात्री लावली तर कळी धरणारी टोकंच जातात.

जागा पूर्वेची हवी: दहापर्यंत ऊन, नंतर सावली. रोप 12 इंची कुंडीसकट वाफ्यात पुरावं, म्हणजे जुलैच्या झडीत उचलून छज्जाखाली नेता येतं. कुंडीखाली चार इंच खडी घाला, नाहीतर पाणी तुंबून मुळं कुजतात. मिश्रणात दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग शेणखत. दुपारी पानं माना टाकतात. संध्याकाळी आपोआप सावरली तर पाणी देऊ नका. बोटभर खोल माती कोरडी लागली, तरच द्या.

रंगाची गंमत अॅल्युमिनियमची आहे. आम्ल मातीत (सामू, म्हणजे pH, 5.5च्या खाली) ते विरघळतं, मुळांवाटे वर चढतं आणि गुलाबी रंगद्रव्याशी जुळून निळा रंग देतं. आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं आवरण. कंपाउंड वॉलच्या सिमेंटमधला चुना झिरपला की माती अल्कधर्मी होते, फुलं गुलाबी येतात आणि शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात. म्हणून भिंतीपासून दोन फूट तरी लांब लावा. निळा हवा असेल तर लिटरला 2-3 ग्रॅम तुरटी विरघळवून, आधी भिजवलेल्या मातीत पंधरा दिवसांनी एकदा द्या. हे कळ्या दिसण्याआधीच सुरू करावं. उमललेला गुच्छ रंग बदलत नाही. सुपर फॉस्फेट आणि हाडांचा चुरा तोवर बंद, कारण त्यांतलं फॉस्फरस अॅल्युमिनियमला मातीतच अडकवून ठेवतं. पांढऱ्या जाती तुरटीने निळ्या होत नाहीत.