खोकला नाही म्हणजे टीबी नाही?

‘खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणजे टीबी नाहीच’ हा समज फार जुना. फुप्फुसाचाच टीबी जास्त आढळतो, त्यामुळे तो रुजणं साहजिक आहे. पण हे जंतू रक्तावाटे मानेच्या गाठी, मणके, आतडी, मेंदूचं आवरण इथेही पोचतात.

म्हणून जिथे दुखणं, तिथलाच नमुना तपासायचा. मानेतली गाठ दोनेक आठवड्यांत ओसरली नाही, तर सुईने द्राव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शिवाय सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं). गाठीचा तुकडा काढणार असतील तर एक चूक हमखास होते: सगळाच तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या रसायनात, जातो. त्यात जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवायला आधीच सांगावं. कल्चरच्या निकालाला 6 आठवडेही लागतात. नुसती मांटू (हाताच्या त्वचेत टोचून करतात ती चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून आजार ठरत नाही.

गाठींच्या टीबीला साधारण 6 महिने औषधं: पहिले 2 महिने चार, पुढे तीन. मणका किंवा मेंदू असेल तर बहुधा 12 महिने. उपचार चालू असताना गाठ मध्येच वाढूही शकते. तेवढ्यावरून गोळ्या सोडू नयेत, डॉक्टरांना दाखवावं.