शिकण्याचा शंकू आणि ते गोल आकडे

इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांसाठीच्या कार्यशाळांत एक स्लाइड हमखास दिसते: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, स्वतः केलेलं ९०. खाली नाव अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं. डेल यांनी १९४६ मध्ये ‘अनुभवांचा शंकू’ (शिकण्याचे अनुभव प्रत्यक्ष कृतीपासून निव्वळ शब्दांपर्यंत रचणारी आकृती) मांडला हे खरं. पण त्यात टक्केवारी नव्हतीच, ती इतरांनी चिकटवली. (प्रयोगशाळेत इतके गोल आकडे आले, तर आपणच विद्यार्थ्याचं जर्नल परत करू!) पण आकडे खोटे म्हणून वर्गात मुलांना गणितं सोडवायला, चर्चा करायला लावणं फोल ठरत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये आलं. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास. मुलांना असं सहभागी करून घेणाऱ्या वर्गांत सुमारे २२.