ई-मेल विक्रीमोहीम

ई-मेल विक्रीमोहीम : स्वतःहून नाव नोंदवलेल्या सबस्क्रायबरांना ठरावीक मुदतीत, ठरावीक क्रमाने मेल पाठवून ई-बुक, रेकॉर्डेड कोर्स, टेम्पलेट, सॉफ्टवेअर यांसारखे डिजिटल उत्पादन विकण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘लाँच’ किंवा नुसते ‘ऑफर’ म्हणतात. नेहमीच्या न्यूजलेटरला शेवट नसतो. मोहिमेला शेवटची तारीख असते आणि तिच्यातला जवळजवळ प्रत्येक मेल वाचकाला खरेदीच्या पानाकडे नेतो.

परवानगीशिवाय पाठवलेल्या विक्रीमेलचा इतिहास परवानगी घेऊन पाठवलेल्या मेलपेक्षा जुना आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले. पत्ते इतके होते की ते पत्त्याच्या रकान्यात न मावता मजकुरात उतरले. तक्रारी झाल्या. हाच पहिला स्पॅम मानला जातो. यादीतील प्रत्येकाने संमती दिलेली असावी हा दंडक पुढे रुजला, आणि एडब्ल्यूबर (१९९८), मेलचिंप (२००१), कन्व्हर्टकिट (२०१३, २०२४ पासून ‘किट’) अशा मेल पाठवण्याच्या सेवांमुळे एकट्याने काम करणाऱ्या लेखक-शिक्षकांनाही अशा मोहिमा चालवता येऊ लागल्या.

डिजिटल उत्पादनाची अडचण अशी की ते संपत नाही. पुस्तकाच्या प्रती संपतात, आंब्याच्या पेट्या संपतात. पीडीएफ कितीही विकली तरी शिल्लकच राहते. त्यामुळे ग्राहकाला आजच घेण्याचे कारण उरत नाही. मराठी प्रकाशकांच्या ‘प्रकाशनपूर्व सवलती’त हे कारण उघड होते : छपाईसाठी आगाऊ रक्कम हवी असे आणि त्या बदल्यात वाचकाला पुस्तक कमी किमतीत मिळे. डिजिटल विक्रेत्याला असे कारण मुद्दाम उभे करावे लागते, आणि ते खरे असावे लागते. थेट वर्गाची तुकडी अमुक दिवशी सुरू होणे, शंकानिरसनाच्या सत्राला मोजक्याच जागा असणे, पहिल्या आवृत्तीची किंमत नंतर खरोखरच वाढणे ही खरी कारणे. नियोजनाची पहिली पायरी म्हणून हेच कारण ठरवावे. मेलची भाषा नंतर सुचते.

कारण ठरले की तारखा शेवटाकडून मागे मोजतात. समजा, मोडी लिपीचा रेकॉर्डेड कोर्स १,५०० रुपयांना विकायचा आहे आणि त्यासोबतची थेट सराव-सत्रे १ तारखेला सुरू होणार आहेत. मग नोंदणी आदल्या महिन्याच्या २८ तारखेला बंद, २३ तारखेला सुरू, आणि त्याआधीचे दहा-बारा दिवस वाचकाला विषयात ओढण्यासाठी. या काळात विक्रीचा शब्दही न काढता एखाद्या जुन्या खरेदीखताची दोन ओळींची प्रतिमा, ती वाचून दाखवणारा छोटा व्हिडिओ, ‘तुमच्या घरात मोडीतले कागद आहेत का?’ असा प्रश्न, एवढे पुरते. आलेली उत्तरे फार मोलाची असतात, कारण ग्राहकाच्या शंका त्याच्याच शब्दांत हाती येतात आणि पुढचे मेल त्यांवरच लिहिता येतात. अपेक्षाही आधीच कागदावर मांडावी : यादी २,००० जणांची आणि शंभरातल्या एकाने कोर्स घेतला असे धरले तर २० जण, म्हणजे ३० हजार रुपये, त्यातून कर आणि पेमेंट गेटवेचे शुल्क जाणार. हा आकडा पाहून अनेकांना कोर्सआधी यादी वाढवण्याची निकड कळते.

विक्री खुली असताना साधारण पाच-सहा मेल जातात. पहिला घोषणेचा. मधले अनुभवी विद्यार्थ्यांचे, शंकांचे, आणि हा कोर्स कोणासाठी नाही हे सांगणारे. हा शेवटचा प्रकार नवखे विक्रेते टाळतात, पण विश्वास त्यानेच बसतो. विक्री बहुधा पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी एकवटते, मधले दिवस सुने जातात. त्या सुनेपणाला घाबरून अचानक सवलत जाहीर केली की पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणारे नाराज होतात, आणि पुढच्या वेळी सगळेच थांबून राहतात. शेवटच्या दिवशी दोन मेल पाठवण्याची रीत आहे, सकाळी एक आणि मुदत संपण्याच्या काही तास आधी एक. यादीत परदेशातले मराठी वाचक असतील तर मुदत भारतीय वेळेनुसार आहे हे स्पष्ट लिहावे. उन्हाळ्यात इथली मध्यरात्र ही न्यूयॉर्कची दुपारची अडीच असते.

पान पुन्हा उघडले की नव्याने सुरू होणारे काउंटडाउन घड्याळ, ‘फक्त ३ प्रती शिल्लक’ असली ई-बुकची जाहिरात हे प्रकार आता केवळ बेचव राहिलेले नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयक) मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्या नोंदवल्या असून खोटी घाई त्यांपैकी एक आहे. ‘नको, मला प्रगती करायची नाही’ असे लिहिलेले नकाराचे बटण, म्हणजे ग्राहकाला लाजवणे, हीही त्याच यादीत आहे.

कोणाला मेल पाठवायचा नाही, हेही ठरवावे लागते. खरेदी केलेल्यांना त्याच क्षणी मोहिमेतून वगळावे, नाहीतर पैसे भरलेल्या माणसाला ‘अजूनही विचार करताय?’ असा मेल जातो. ज्यांना हा विषय नको पण न्यूजलेटर हवे, त्यांच्यासाठी पहिल्याच मेलमध्ये ‘या कोर्सचे मेल नकोत’ अशी वेगळी लिंक द्यावी. तशी नसेल तर वैतागलेला वाचक थेट स्पॅमचे बटण दाबतो. ते महागात पडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही मेल खरोखर त्याच पत्त्यावरून आला हे तपासणारी ओळखपडताळणी आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइबची सोय आवश्यक केली. जीमेलच्या हिशेबात मोठे प्रमाण म्हणजे दिवसाला ५,००० मेल. स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा मेल जीमेल अर्धवटच दाखवते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय अक्षरसंकेतात ३ बाइट घेत असले तरी नुसत्या मजकुराने ही मर्यादा सहसा गाठली जात नाही; भरजरी टेम्पलेटने गाठली जाते.

संमतीचे कायदे देशोदेशी निराळे. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात पूर्वसंमती लागत नाही, मात्र टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि नकार १० कामकाजी दिवसांत अमलात आणावा लागतो. युरोपीय संघ आणि कॅनडा अधिक कडक आहेत. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती जितकी सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत.

मोहिमेचे यश ‘ओपन रेट’वर, म्हणजे किती जणांनी मेल उघडला यावर, मोजण्याची जुनी सवय आता फसवी ठरते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन ही गोपनीयतेची सोय आणल्यापासून, उघडलेले मेल मोजण्यासाठी त्यात घातलेली अदृश्य प्रतिमा वाचकाने मेल न उघडताही लोड होऊ शकते, आणि न वाचलेला मेल वाचलेला म्हणून मोजला जातो. क्लिक, प्रत्यक्ष विक्री, परत मागितलेले पैसे आणि मोहिमेमुळे यादी सोडून गेलेल्यांची संख्या हे आकडे जास्त भरवशाचे. शेवटचे दोन मुदत संपल्यावरही महिनाभर पाहावे लागतात.