दगडी, सोमॅटिक सेल आणि 'प्रतिकारक' गाय: थोडी पार्श्वभूमी

दगडी म्हणजे कासदाह, इंग्रजीत मस्टायटीस, जंतूंमुळे गायीच्या कासेला येणारी सूज; गोठेवाल्यांना हे सांगायला नको, त्यामुळे थेट घोळाकडे येतो. इम्पोर्टेड वीर्यकांडीच्या कॅटलॉगात वळूपुढे एससीएस (सोमॅटिक सेल स्कोअर, म्हणजे दुधातल्या पेशींच्या मोजणीवरून काढलेला गुण) २.७५ असला आकडा असतो आणि कांडी विकणारा बिनधास्त सांगतो की याच्या कालवडींना मस्टायटीस होतच नाही. आकडा तसं म्हणत नाही.

पूर्वी वळू निवडायचे ते दुधावर. पण दुधाचं आणि कासदाहाचं आनुवंशिक नातं वाकडं, एक वाढवलं की दुसरंही हळूहळू वाढतं. हे आधी मनावर घेतलं नॉर्वेने. तिथे १९७५ पासून देशभर प्रत्येक गायीचं हेल्थ कार्ड, अँटिबायोटिक द्यायचं ते व्हेटनेच, म्हणजे उपचार झाला की नोंद झालीच, आणि १९७८ मध्ये नॉर्वेजियन रेड जातीच्या निवडीत कासदाह थेट घेतला. कासदाहाची आनुवंशिकता, म्हणजे गायीगायींतल्या फरकातला रक्तातून आलेला वाटा, जेमतेम २ ते ५ टक्के, बाकी सगळा खेळ ओल्या गोठ्याचा, धार काढायच्या हाताचा नाहीतर मशीनचा. एवढ्याशा टक्क्यांत काय हाती लागणार असं वाटतंच, पण त्यांनी एकेका वळूच्या २००-३०० मुली तपासल्या आणि फरक पडला. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क मागोमाग आलेच.

बाकीच्यांकडे उपचारांच्या नोंदीच नव्हत्या, दुधाचे नमुने मात्र होते. म्हणून अमेरिकेने १९९४ पासून सोमॅटिक सेल स्कोअर धरला. दर मिलिलिटरला १ लाख पेशी म्हणजे स्कोअर ३, २ लाख म्हणजे ४, ४ लाख म्हणजे ५. याची आनुवंशिकता १० टक्क्यांच्या पुढे, मोजायला सोपा, कासदाहाशी आनुवंशिक संबंध ०.६-०.७ च्या घरात. सोय झाली, पण सोयीलाच 'प्रतिकार' नाव पडलं, माझ्या मते गाडी इथेच घसरली.

कारण सोमॅटिक सेल म्हणजे जंतू नव्हेत, त्या बहुतेक गायीच्याच पांढऱ्या पेशी. सीएमटी, म्हणजे कासदाह ओळखायच्या गोठ्यातल्या साध्या चाचणीच्या चार वाट्यांत चारी सडांचं दूध घेऊन औषध टाकून फिरवलं की खराब सडाची वाटी शेंबडासारखी घट्ट होते ना, तो घट्टपणा या फुटलेल्या पेशींतल्या डीएनएचा. म्हणजे आपण मोजतोय ती लढायला आलेली फौज. मग फौजच कमी असलेली गाय निवडली तर ई. कोलायसारखा जंतू शिरल्यावर ती लढणार कशी, यावर बरीच वर्षं वाद चालला. वळूंच्या मुलींचे आकडे कमी स्कोअरच्याच बाजूने पडले, ते मान्य. तरी कमी इन्फेक्शन आणि चांगली लढत या दोन वेगळ्या गोष्टी, त्या एका आकड्यात मावत नाहीत.

मध्येच २००५ मध्ये अमेरिकेत स्टॅफ ऑरियस या कासदाहाच्या जंतूला मारणारं प्रथिन दुधात सोडणारी जीन बदललेली जर्सी गाय आली, गाजली खूप, गोठ्यापर्यंत पोचली नाही. २००९ नंतर जीनोमिक निवड, म्हणजे चिपवर डीएनए तपासून वळू निवडणं आलं, वळूच्या मुली व्यायची वाट बघायची गरज कमी झाली. पण चिप शिकते ती नोंदींवरूनच, म्हणून सगळे फिरून नॉर्वेच्याच वाटेला लागले: कॅनडाने २०१४ मध्ये, अमेरिकेने २०१८ मध्ये प्रत्यक्ष आजाराच्या नोंदींवरून वेगळा आकडा काढला. कॅटलॉगात एससीएस सोडून तो रकाना शोधा.

आपल्याकडे मेडिकलमधून ट्यूब आणली, सडात भरली, रिकामी उकिरड्यावर टाकली. नोंद तेवढीच.